वैमानिकाची रात्र कधी सुरू होते?

दिवाळीच्या दिवसांत शहाडला सूर्य सहा ते सव्वासहाच्या दरम्यान मावळतो. त्यानंतर वीस-बावीस मिनिटं उल्हास नदीवरचं आभाळ उजळ असतं आणि मग अंधार झपाट्याने उतरतो. दारात पणत्या लावायला सूर्य मावळला एवढं पुरतं. विमान उतरवणाऱ्याचं तेवढ्याने भागत नाही. डोंगर, विजेच्या तारा, धावपट्टीची कड नुसत्या डोळ्यांना कुठवर दिसेल, हे त्याला आधीच ठाऊक असावं लागतं. म्हणून विमान वाहतुकीच्या कायद्याला रात्रीची व्याख्या करावी लागली.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत सूर्यबिंबाचा मध्य क्षितिजाखाली ६ अंशांवर गेला की संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश संपतो आणि रात्र सुरू होते. पहाटे सूर्य पुन्हा त्याच ६ अंशांपर्यंत वर आला की ती संपते. सूर्यास्त ते सूर्योदय यांमधला दुसरा काळ ठरवण्याची मुभाही देशांना आहे. भारतात डोळ्यांनी पाहून करायची उड्डाणं सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत, नियंत्रण कक्षाने सूट दिल्याशिवाय, करता येत नाहीत. ब्रिटनमध्ये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने रात्र धरतात.

आपल्याकडे २० मिनिटांचा हिशोब चालतो, कारण शहाड सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि २२ ते २४ मिनिटांत ६ अंश गाठतो. उत्तरेला जावं तशी त्याची वाट तिरपी होत जाते. ऑस्लोत जूनच्या अखेरीस सूर्य मावळल्यावर हेच ६ अंश गाठायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. आणखी वर गेलं की मिनिटांचा हिशोबच कोलमडतो, कारण सूर्य मावळतच नाही किंवा उगवतच नाही.

हिमाद्रीवरचा दिवस आणि रात्र

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या आर्क्टिक मोहिमा तिथून आखल्या जातात. स्वालबार्ड बेटांवरच्या नी-आलेसुंड इथलं ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन स्थानक १ जुलै २००८ रोजी सुरू झालं. त्याचा अक्षांश जवळपास ७९ उत्तर. लाँगइयरब्येनहून तिथे डॉर्नियर २२८ ही छोटी विमानं जातात. याच जातीची विमानं आपल्याकडे कानपूरला बनतात.

हिमाद्रीला ६ अंशांची मोजपट्टी लावून पाहा. एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यरात्रीही सूर्य ६ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे वैमानिकाच्या लेखी या काळात रात्र होतच नाही. उलट नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत भर दुपारीही तो ६ अंशांच्या वर येत नाही. तेव्हा चोवीस तास रात्र. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तिथे गेली ती याच अखंड रात्रीत. या दोन टोकांच्या मधल्या काही आठवड्यांत सूर्य क्षितिजावर दिसत नाही, तरी दुपारी काही तास कायद्याने दिवस असतो, कारण तेवढ्या उजेडात जमीन दिसते.

अमेरिकेच्या नियमांत अलास्कासाठी वेगळी तरतूद आहे. इतर राज्यांत विमानाचे स्थानदर्शक दिवे सूर्यास्ताला लावायचे. अलास्कात सूर्य ६ अंशांहून खाली गेल्यावर, किंवा दिवे नसलेली ठळक वस्तू ३ मैलांवरून दिसेनाशी झाल्यावर. तिथे बऱ्याच भागांत उन्हाळ्यात रात्रच नसल्याने नव्या वैमानिकाला रात्रीचा सराव मिळत नाही. म्हणून रात्री उडण्याची मनाई घालून परवाना देतात आणि सराव पुरा करायला बारा महिन्यांची मुदत मिळते.

ध्रुवावरून जाताना

१५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवीय मार्गाने गेलं. त्या दिवशी उत्तर ध्रुवावर सूर्य क्षितिजाच्या सुमारे १४ अंश वर होता. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली फक्त महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आणलेलं विमान ९ जानेवारी २०२१ रोजी निघालं, तेव्हा ध्रुवावर सूर्य २२ अंश खाली होता. एकाला ध्रुवाजवळ रात्र भेटलीच नसती, दुसऱ्याला दिवस.

मात्र वैमानिकाच्या शरीराला सूर्याचा कोन कळत नाही. खिडकीबाहेर ऊन असलं तरी झोपेची वेळ टळत नाही. म्हणून कामाच्या तासांसाठी रात्र घड्याळावरच मोजतात. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या सुधारित नियमांत रात्रपाळीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढवली. डोळ्यांची रात्र सूर्यावर आणि थकव्याची रात्र घड्याळावर, असे हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि प्रवाशांच्या सुरक्षेसाठी दोन्ही पाळावे लागतात.

गोंदिया किंवा बारामतीला विमान शिकणाऱ्या मुलामुलींना व्यावसायिक परवान्यासाठी रात्रीची किमान ५ तासांची उड्डाणं आणि १० उड्डाणं-उतरणं करावी लागतात. आपल्या अक्षांशावर त्यांना रात्र रोज ठरल्या वेळी मिळते. उद्या त्यांच्यातली एखादी ध्रुवीय मार्गावर जाईल, तेव्हा पाठ केलेली २० मिनिटं तिच्या कामाची नसतील. ती २० मिनिटं ज्या ६ अंशांच्या जवळ येतात, ते समजून घेतलेले असले तर पृथ्वीवर कुठेही रात्र ओळखता येईल. म्हणून हा धडा घोकंपट्टीने नव्हे, तर सूर्याच्या वाटेचं चित्र काढून शिकवायला हवा.