खोक्यावरचं नाव

२०२१ साली अमेरिकेत एक नवा व्हिडिओ गेम विकायला आला. ‘सर्कस कॉन्व्हॉय’ त्याचं नाव. खोकं, माहितीपुस्तिका, आत प्लास्टिकचं कार्ट्रिज, म्हणजे आपल्याकडची मुलं ज्याला ‘कॅसेट’ म्हणायची ते, असा सगळा साग्रसंगीत थाट होता. पण ते कार्ट्रिज ज्या यंत्रात घालायचं, त्या यंत्राचं उत्पादन १९९२ सालीच थांबलं होतं.

ते यंत्र म्हणजे अटारी २६००. १९७७ साली बाजारात आलेला, दर्शनी भागावर लाकडाचा भास देणारी पट्टी असलेला कन्सोल. आणि गेम आणणारी माणसं म्हणजे डेव्हिड क्रेन आणि गॅरी व डॅन किचन हे दोघे भाऊ. तिघांचीही उमेदीची वर्षं याच यंत्रावर गेली होती. चाळीस वर्षं निरनिराळ्या कंपन्यांत, निरनिराळ्या यंत्रांवर काम करून झाल्यावर त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली, तिचं नाव ‘ऑडॅसिटी गेम्स’ ठेवलं, आणि पहिला गेम काढला तो या जुन्या मित्रासाठी. याला कोणी स्मरणरंजन म्हणेल. मला त्यात कारागिराचा हट्ट दिसतो, आणि तो समजून घ्यायचा तर आधी यंत्र उघडून बघायला हवं.

अटारी २६०० ची कामाची मेमरी १२८ बाईट. किलोबाईट नव्हे, बाईट. संगणकावर देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा साठवायला साधारणपणे तीन बाईट लागतात; म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय ते हे वाक्यसुद्धा त्या मेमरीत मावणार नाही. एवढ्या जागेत खेळाडू कुठे आहे, शत्रू कुठे आहे, किती गुण झाले, किती वेळ उरला हे सगळं बसवायचं. प्रत्यक्ष प्रोग्रॅम कार्ट्रिजमध्ये असायचा, आणि त्यालाही काही खास युक्ती केल्याशिवाय जास्तीत जास्त चार किलोबाईट.

पण खरी परीक्षा चित्राची. जुन्या टीव्हीच्या काचेमागे इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ काढत खाली येतो. अमेरिकी टीव्हीवर एका चित्रात २६२ ओळी, आणि सेकंदाला साठ चित्रं. नंतरच्या बहुतेक यंत्रांत आधी सगळं चित्र मेमरीत तयार होतं आणि मग पडद्यावर जातं. अटारीत तेवढ्या मेमरीला जागाच नव्हती. तिथे प्रोग्रॅमरला त्या धावत्या झोताच्या पुढे एक पाऊल राहून, ओळ उमटत असतानाच, आता हा रंग, आता हा आकार, असं चित्र काढणाऱ्या चिपला सांगावं लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरला मिळायचे ७६ ठोके. एक साधी आज्ञासुद्धा त्यातले दोन, तीन, चार ठोके खाते. म्हणजे ओळीमागे फार तर वीस-पंचवीस आज्ञा.

तबला शिकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. ७६ मात्रांचं आवर्तन आहे आणि प्रत्येक आवर्तनात समेवर यायचंच आहे. प्रोग्रॅममध्ये ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशी वाट फुटली, तर दोन्ही वाटांच्या मात्रा सारख्या भराव्या लागायच्या. जिथे काही करायचं नाही तिथे मुद्दाम रिकामी मात्रा टाकायची. हिशेब चुकला की आकार भलतीकडे सरकायचा, नाहीतर सगळं चित्रच पडद्यावर लोळायला लागायचं. माणसं कागदावर प्रत्येक आज्ञेपुढे मात्रांचा आकडा लिहीत बसायची.

हे यंत्र मुळात ‘पाँग’ आणि ‘टँक’ अशा दोन खेळाडूंच्या सोप्या गेमसाठी आखलेलं. म्हणून हलत्या वस्तू किती? दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू. पुढे बॉब व्हाइटहेड यांनी याच यंत्रावर बुद्धिबळ बसवलं. पटावर एका रांगेत आठ मोहरे, आणि चिप काही केल्या तेवढे आकार ओळीत काढून देईना. त्यांनी एका ओळीवर एकाआड एक मोहरे काढले आणि पुढच्या ओळीवर उरलेले. मोहरे खिडकीच्या पट्ट्यांतून पाहिल्यासारखे दिसतात, पण आठच्या आठ दिसतात.

हे व्हाइटहेड तेव्हा अटारीत नोकरीला होते. डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर आणि लॅरी कॅप्लन हेही तिथेच. त्या काळी एक गेम म्हणजे एक माणूस. कल्पना, चित्रं, आवाज, प्रोग्रॅम, सगळं त्याचंच. पण खोक्यावर त्याचं नाव नसे, आणि पगार ठरलेला. कोणत्या गेमचा खप किती, याचा एक कागद कंपनीतच फिरला. या चौघांनी आपापल्या गेमची बेरीज केली. १९७८ च्या दहा कोटी डॉलरच्या कार्ट्रिज विक्रीतला साधारण साठ टक्के वाटा त्यांच्या गेमचा निघाला.

अटारी तेव्हा वॉर्नरच्या मालकीची होती. वॉर्नर रेकॉर्डही काढायची. गायकाला मानधन मिळायचं, तबकडीवर नाव छापलेलं असायचं. तसंच आम्हालाही द्या, एवढंच चौघांचं म्हणणं होतं. ते घेऊन ते अटारीचे प्रमुख रे कॅसार यांच्याकडे गेले. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितलंय त्याप्रमाणे कॅसार यांचं उत्तर असं होतं, की कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुमचं महत्त्व जास्त नाही. मला या उत्तरातला अन्याय दुहेरी वाटतो. त्यात त्या कामगारालाही कमी लेखलं आहे.

चौघं बाहेर पडले. संगीत व्यवसायातून आलेले जिम लेव्ही त्यांच्याबरोबर आले आणि १ ऑक्टोबर १९७९ रोजी कंपनी उभी राहिली. नावासाठी ‘व्हीसिंक’ विचारात होतं. टीव्हीला ‘आता नवं चित्र सुरू कर’ असं सांगणारा जो संकेत असतो, त्याचं हे नाव. अखेरीस ठरलं ‘अॅक्टिव्हिजन’. क्रेन यांच्या घरात बसून त्यांनी आणि मिलर यांनी गेम लिहिण्याची सामग्री स्वतः तयार केली. यंत्र मात्र बदललं नाही. ज्या मालकाचं घर सोडलं, त्याच मालकाच्या यंत्रासाठी गेम करायचे असं ठरलं. कन्सोल एका कंपनीचा आणि गेम दुसरीचा, हे तोवर कोणी केलं नव्हतं. अटारीने १९८० साली दावा लावला. १९८२ साली तडजोड झाली, त्यात अॅक्टिव्हिजनने अटारीला स्वामित्वधन द्यायचं कबूल केलं आणि व्यवसायाचा रस्ता सगळ्यांना मोकळा झाला.

१९८० च्या पहिल्या गेमपासून अॅक्टिव्हिजनने कर्त्याचं नाव दिलं. पुस्तिकेत त्याचा फोटो, त्याची सही, आणि गेम कसा खेळावा यावर त्याने स्वतः दिलेला सल्ला. कारागिराला चेहरा मिळाला.

क्रेन यांचा ‘पिटफॉल’ १९८२ चा. मी तो हल्ली संगणकावर, ‘स्टेला’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये खेळतो. झाडं, वाट, जमिनीत शिडीचं भोक, खाली विटांची भिंत. गेमचा नायक हॅरी उजवीकडे धावत सुटतो, पडदा बदलतो, दलदल येते, मगरी येतात, वेल झुलते. असे २५५ पडदे आहेत आणि वेळ वीस मिनिटं. प्रत्येक पडद्याचं वर्णन साठवायला चार किलोबाईटमध्ये जागा कुठली? क्रेन यांनी ते साठवलंच नाही. एका पडद्याचं सगळं वर्णन एका बाईटमध्ये आहे: आठ बिटांपैकी तीन ठरवतात वाटेवर ओंडके आहेत, आग आहे की साप, तीन ठरवतात जमिनीत भोक आहे, दलदल आहे की तळं, दोन ठरवतात झाडांची ठेवण. झाडांच्या दोनांपैकीच एक बिट भुयारातली भिंत डावीकडे की उजवीकडे तेही सांगतो. एकच भांडं वरणालाही आणि ताकालाही. पुढच्या पडद्यावर गेलं की त्या बाईटवर एक छोटी गणिती क्रिया होते आणि पुढचं जंगल जन्माला येतं. मागे फिरलं की तीच क्रिया उलटी, आणि सोडून आलेलं जंगल जसंच्या तसं समोर. मी पुन:पुन्हा मागेपुढे जाऊन पाहिलं आहे. जंगल कुठेच लिहून ठेवलेलं नाही, आणि तरी ते हरवत नाही. याहून सुंदर प्रोग्रॅमिंग मी फार कमी पाहिलं आहे.

धावणारा माणूस, वाट, झाडं हे चित्र आपण दहा मिनिटांत कागदावर काढलं आणि मग साधारण हजार तास प्रोग्रॅम लिहिला, असं क्रेन सांगतात. आधी त्यांनी हॅरीला एकच जीव दिला होता. सहकाऱ्यांनी आग्रह केला म्हणून तीन झाले. ‘पिटफॉल’ चाळीस लाखांहून अधिक खपला.

पुढचं सर्वांना माहीत आहे. रस्ता मोकळा झाल्यावर नको तेवढ्या कंपन्या त्यावर आल्या, दुकानं वाईट गेमनी भरली आणि १९८३ मध्ये बाजार कोसळला. अटारीची न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरली गेली. व्हाइटहेड आणि मिलर यांनी १९८४ मध्ये ‘अॅकोलेड’ काढली. क्रेन गेले गॅरी किचन यांच्याकडे. न्यू जर्सीच्या या माणसाने अटारीच्या कोणत्याही कागदाचा आधार न घेता, यंत्र उलगडत उलगडत ते शिकून घेतलं होतं आणि अॅक्टिव्हिजनसाठी ‘कीस्टोन केपर्स’ केला होता. १९८६ साली किचन यांनी ‘अॅब्सोल्यूट एंटरटेनमेंट’ सुरू केली. सगळं जग निन्टेन्डोकडे वळलं असतानाही या कंपनीने अटारी २६०० साठी कार्ट्रिजं काढली. क्रेन यांचा ‘स्केट बोर्डिन’ त्यातलाच. म्हणजे २०२१ चं परतणं हे पहिलं नव्हे.

मधल्या काळात गेमचा व्यवसाय किती वाढला, हे अॅक्टिव्हिजनच्याच आकड्यावरून कळतं: २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सुमारे ६,९०० कोटी डॉलरला घेतली. आज एका मोठ्या गेममागे शेकडो, कधी हजारो माणसं असतात. नावं छापली जातात, पण यादी इतकी लांब की आपलं नाव शोधायला घरच्यांनाच थांबावं लागतं. मोठ्या गेमची कुशलता मला मान्य आहे. पण ज्याने एकट्याने ७६ मात्रांत जंगल उभं केलं, त्याचा हात त्या गर्दीत कसा रमणार? मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सबॉक्सच्या गेमचा कारभार सांभाळलेले एड फ्राइज यांनीही २०१० साली ‘हेलो’ या प्रचंड गेमची चिमुकली आवृत्ती अटारी २६०० साठी लिहिली, चार किलोबाईटमध्ये. गेम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका डोक्यात मावतो, अशी यंत्रं आता फार उरलेली नाहीत.

‘सर्कस कॉन्व्हॉय’मध्ये मला सगळ्यात भावलेली गोष्ट गेम संपल्यावर येते. १९८२ साली ‘पिटफॉल’मध्ये २०,००० गुण मिळवणारं पोर टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचं, रोल धुऊन आणायचं, पाकिटात घालून अॅक्टिव्हिजनला पाठवायचं, आणि मग टपालाने भरतकाम केलेला एक कापडी बिल्ला घरी यायचा. नव्या गेममध्ये पडद्यावर एक क्यूआर कोड येतो. आपल्याकडे भाजीच्या गाडीवर लावलेला असतो तसाच, काळ्यापांढऱ्या चौकोनांचा. फोन समोर धरला की गुण कंपनीकडे पोहोचतात. प्रत्येक कार्ट्रिजची ओळख वेगळी, म्हणून कोणाचे गुण तेही कळतं. आणि ते बारीक चौकोन काढतंय ते १९७७ चं यंत्र, चित्राला मेमरी नसलेलं, धावत्या झोताच्या पुढे एक पाऊल राहून, ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीला ७६ ठोके.