चारशे ओव्यांचे एकच बारसे

बारसे म्हटले की घुगऱ्या, पाळणा आणि बाळाच्या कानात कुर्र करणारी आत्या आठवते. पण चारशे जणांचे बारसे एका बैठकीत उरकल्याचे कधी ऐकले आहे काय? आमच्या माळशिरसास ते घडले.

माझ्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातल्या आजीबाईंकडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणल्या. काम नवे नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणारीचे व गावाचे नावही टिपून ठेवले. त्यापुढे आमचा पसारा चिमूटभर. संगणकात गावाचा एक फोल्डर, त्यात आजीबाईंचा, त्यात ओव्या.

पण मोबाइलला कसली आली कल्पकता! वेळापूरच्या आजींची पहिली ओवी ‘रेकॉर्डिंग १’, आणि पिलीवच्या आजींचीही ‘रेकॉर्डिंग १’च. आपापल्या घरात आहेत तोवर ठीक. सगळ्या एकत्र ओतल्या तर एकीवर दुसरी बसायची आणि पहिली पुसली जायची. त्यांतल्या एक आजी माघात वारल्या. त्यांचा आवाज पुन्हा कुठून आणावा?

येथे ‘शेल स्क्रिप्ट’ मदतीस आली. शेल म्हणजे संगणकाला लेखी हुकूम देण्याची सोय. हुकूम ओळीने लिहून ठेवले की स्क्रिप्ट झाली. आज पुष्कळ ठिकाणी चालणारा ‘बॅश’ हा शेल ब्रायन फॉक्स यांनी लिहिला; तो १९८९ साली बाहेर आला. ‘फाइंड’ हा हुकूम फोल्डरात, त्याच्या आतल्या फोल्डरात असा शिरत जातो, आणि ‘एमव्ही’ नाव बदलतो.

याचेही काही विधी आहेत. फोल्डरांची नावे बदलायची तर आतून बाहेर यावे. वाड्याच्या दारावरची पाटी आधी बदलली तर माजघरातल्या माणसाचा पत्ता चुकतो. नावे अवतरणचिन्हांत ठेवावीत. नाहीतर ‘भागा आजी’ या एका बाईच्या संगणक दोन बाया करतो. आकडे ००१, ००२ असे लिहावेत. एरवी १० हा २ च्या आधी येऊन बसतो. ‘एमव्ही’ला ‘एन’ची खूण जोडावी, म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो तिला हात लावीत नाही. आणि आधी रंगीत तालीम: हुकमापुढे ‘एको’ लिहिले की काय होणार ते नुसते पडद्यावर दिसते, होत काही नाही.

सर्वांत महत्त्वाची म्हणजे जुन्या-नव्या नावांची यादी. ती असली की केलेले सारे उलटविता येते.

यादी करताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आजींचे नाव कुठले घालायचे? सासरचे की माहेरचे?”

आम्ही सारेच थबकलो. यांतल्या कितीतरी जणींचे बारशाचे नाव लग्नात बदललेले. तबकातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि जुन्याची नोंद कुणीच ठेवली नाही.

फायलींना गाव, सासरचे नाव आणि क्रमांक दिला. यादीत माहेरच्या नावासाठी एक रकाना वाढविला. चारशे फायलींची नावे पापणी लवते न लवते तोच बदलली. तो रकाना भरण्यास मात्र मुलांना पुन्हा गावोगाव हिंडावे लागले. एका घरी आजींनी आपले माहेरचे नाव सांगितले, तेव्हा शेजारी बसलेला त्यांचा नातू चकित होऊन त्यांच्याकडे पाहू लागला. त्याने ते प्रथमच ऐकले होते.