अर्ध्या कंटेनरचा सोबती

अलास्कातील प्रुढो बे ते अर्जेंटिनातील उशुआइया हा पॅन-अमेरिकन महामार्ग सुमारे ३० हजार किलोमीटर लांबीचा आहे. स्वतःच्या मोटारीतून किंवा व्हॅनमधून हे अंतर कापणाऱ्या हौशी प्रवाशांची संख्या कमी नाही. मात्र पनामातील याविझा या गावी हा रस्ता चक्क संपतो. पुढे कोलंबियापर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा दलदलीचा आणि घनदाट अरण्याचा पट्टा आहे. त्यालाच ‘दारिएन गॅप’ म्हणतात.

हा महामार्ग उभारण्याची कल्पना १९२३ मध्ये पुढे आली. पण हा तुकडा आजतागायत जोडला गेलेला नाही. दक्षिण अमेरिकेतील गुरांचा लाळ-खुरकूत रोग उत्तरेत पसरेल, ही अमेरिकेची भीती त्यामागे होती. अरण्याची आणि तेथील आदिवासींची हानी होईल, हा आक्षेपही होताच. साहजिकच वाहन समुद्रमार्गे न्यावे लागते. बहुतेक जण पनामातील कोलोन बंदरातून ते कोलंबियातील कार्ताहेना येथे पाठवतात.

अनोळखी प्रवाशांची गाठ पडते ती याच टप्प्यावर. रो-रो जहाजावर वाहन चढवायचे तर किल्ली बंदरातील कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावी लागते आणि आतील सामान चोरीला जाण्याची धास्ती राहते. कंटेनरमध्ये मालक स्वतः गाडी घालतो, दाराला सील लागते आणि किल्ली त्याच्याच खिशात राहते. पण भाडे संपूर्ण कंटेनरचे असते. ४० फुटी कंटेनरची आतील लांबी सुमारे १२ मीटर असल्याने त्यात दोन मोटारी बसतात आणि खर्च निम्म्यावर येतो. त्यामुळे सोयीच्या तारखेचा आणि बेताच्या लांबीच्या गाडीचा जोडीदार शोधण्याची धडपड मेक्सिको, ग्वाटेमालापासूनच सुरू होते.

हा जोडीदार पारखूनच निवडावा लागतो. जहाजावर जाण्यापूर्वी पनामा पोलीस इंजिन व चासी क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहतात. अमली पदार्थांसाठीही कसून तपासणी होते. एकाच्या कागदात एक अंक चुकला, तरी दोघांचेही वेळापत्रक कोलमडू शकते. एकाच्या गाडीत काही आक्षेपार्ह सापडले, तर दुसऱ्यालाही चौकशीला तोंड द्यावे लागू शकते. म्हणूनच जाणते प्रवासी पैसे भरण्याआधी एकमेकांची कागदपत्रे तपासून पाहतात. त्यात कोणी अपमान मानत नाही.

प्रत्यक्ष सागरी प्रवास एक-दोन दिवसांचाच असतो. परंतु कागदोपत्री सोपस्कारांत आठवडा सहज जातो. मालक विमानाने किंवा सान ब्लास बेटांवरून शिडाच्या बोटीने कार्ताहेनाला पोहोचतात आणि कचेऱ्यांच्या खेपा बरोबरच घालतात. ज्याला स्पॅनिश येते, तो दुभाषा होतो. पुढे रस्ता एकच आणि दक्षिणेतील उन्हाळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, गाठण्याची घाईही सर्वांना असते. त्यामुळे कंटेनरपुरती जमलेली ही जोडी इक्वेडोर, पेरूच्या मुक्कामांवर पुन्हा समोरासमोर आली, तर नवल वाटत नाही.