एम.बी.ए.चं कॉलेज निवडताना

खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायचा तर आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो, शेजारच्या दावणीवर हळूच चौकशीही करतो. आणि मुलाला एम.बी.ए.ला घालताना? माहितीपुस्तकातली काचेची इमारत पाहिली की भुलतो! माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. बापाने हळद विकून फी भरली. दुसऱ्या वर्षी कळलं, पुस्तकात छापलेल्या कंपन्यांपैकी एकही त्या साली फिरकली नव्हती.

व्यवस्थापनाचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेकडे आहे, सांगलीत भारती विद्यापीठाकडे आहे. मुंबईची जमनालाल बजाज संस्था तर १९६५ सालची. राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, दिल्यावर कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. तेव्हा चौकशी त्याआधी व्हायला हवी. गेल्या साली कुठे किती गुणांवर प्रवेश थांबला, हे सीईटी कक्ष जाहीर करतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

आता पगाराचा आकडा. इथे फार फसगत होते. दहा मुलांपैकी नऊजणांना महिना वीस हजार आणि एकाला दोन लाख मिळाले, तर सरासरी अडतीस हजार येते. जाहिरातीत अडतीस हजारच छापतात. पण तेवढा पगार दहांतल्या एकालाही नसतो! म्हणून सरासरी विचारू नये. पगाराप्रमाणे ओळीने उभे केले तर मधल्या मुलाला किती, असं विचारावं. शिवाय नोकरीसाठी किती बसले, किती लागले, तेही.

विचारायचं कुणाला? कार्यालयात जरूर विचारा, पण कामाच्या दिवशी जा आणि कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांशेजारी बसा. ‘कॉलेज चांगलं आहे का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘उन्हाळ्यात प्रशिक्षणाला कुठे होतास? जागा कॉलेजने दिली की तूच शोधलीस?’ असं विचारलं की पोरगं खरं बोलतं.

गुरुजी, एक काम तुमच्याकडे. तुमच्या शाळेतून पुढे एम.बी.ए. झालेल्या मुलांची नावं एका वहीत टिपून ठेवा. आपल्याकडचा मुलगा हुशार असतो, पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की त्याची जीभ जड होते. पहिला फोन त्याला शेजारी बसवून तुम्ही लावून द्या.