जुन्या पिकअपची चासी निवडताना

शेतकरी बंधूंनो, जुनी जीप-पिकअप पुन्हा उभी करायची तर आधी चासी, म्हणजे गाडीचा कणा, तपासा. मुंबई उपनगरात कुर्ल्याच्या जुन्या बाजारात गाड्यांचे जुने भाग मिळतात. पण तेथे रंगाला भुलू नका. हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर आत गंज समजा. दोन्ही कर्ण दोरीने मोजा. फरक पडला तर चासी वाकडी. पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी चिरा, वेल्डिंगचे डाग शोधा.

लोखंडाइतकाच नंबर महत्त्वाचा. चासीवर कोरलेला नंबर आर.सी. बुकाशी जुळलाच पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरफारावर बंधने आहेत. म्हणून मूळ चासी दुरुस्त होत असेल तर तीच ठेवा. बदलायचीच असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारा, नाहीतर खर्च होऊनही गाडी अंगणातच उभी राहील.