मंडळ गेले, डीपी राहिली

एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा १९९५ च्या प्रचारात गाजली. शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि एन्रॉनच्या दाभोळ वीज कराराची फेरतपासणी उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीकडे गेली. ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, पुढच्याच वर्षी नव्या अटींवर परतला. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने घेणेच थांबवले. मुंडे मूळचे बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातल्या नाथ्राचे. त्या परळीत मंडळाचे स्वतःचे औष्णिक केंद्र १९७१ पासून वीज देत होते.

एकाच मंडळाचे तुकडे करण्याची वाट चिलीने १९८२ च्या कायद्याने दाखवली, भारतात ओडिशाने १९९६ मध्ये धरली. महाराष्ट्रात १९९९ साली नियामक आयोग आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. परळीचे केंद्र महानिर्मितीला मिळाले. बीडच्या गावांतले खांब, तारा आणि थकबाकी महावितरणच्या वाट्याला आली. आयोगाचा एक फायदा निर्विवाद: दरवाढीचे हिशेब जाहीर सुनावणीत मांडावे लागले, आणि पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था ते तपासू लागल्या.

गावाने मात्र सुधारणा पाहिली ती भारनियमनात. गळती आणि वसुली पाहून भागांचे गट पडले. जिथे तारांवर वीजचोरीचे आकडे जास्त, बिले थकलेली, तिथे वीज अधिक तास बंद. कागदावर हे चोख. पण वेळेवर बिल भरणाराही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसला.

शेतीला थ्री फेज बहुधा रात्री. विंचूकाट्यात विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरला 'ऑटो' बसले. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होत, भार वाढे आणि डीपी, म्हणजे गावचे रोहित्र, जळे. मग वर्गणी काढायची, वायरमनला गाठायचे, जळालेली डीपी ट्रॅक्टरवर टाकून न्यायची आणि नवी येईपर्यंत उभा गहू वाळताना पाहायचा. चार कंपन्यांच्या रचनेत याचे उत्तर नव्हते.

निर्मितीचीही कथा फार सुखाची नाही. फेब्रुवारी २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे सगळे संच थांबले. २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले. कोळसा लांबून आणता येतो. गोदावरीच कोरडी पडल्यावर केंद्राला पाणी देणाऱ्या खडक्याच्या बंधाऱ्यातून काय उपसणार?

खासगी गुंतवणुकीला दार उघडले, तशा बीड जिल्ह्याच्या माळरानांवर पवनचक्क्या फिरू लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये याच जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला आडवे आल्याने ती झाली, असे आरोपपत्र सांगते. सुधारणांच्या आराखड्यांत या धोक्याला रकाना नसतो.

२००४ च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली होती. वर्षभरात ती गुंडाळली गेली. २०२४ च्या निवडणुकीआधी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी ती पुन्हा आली. दर आयोग ठरवतो. शेतकऱ्याच्या बिलाचे काय करायचे, हे आजही मंत्रालयच ठरवते. मोफत विजेच्या नव्या योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे.