विश्लेषण : तासाला १२ मिनिटांची मर्यादा, तरी टीव्हीवरील जाहिराती संपत का नाहीत?

रात्री साडेआठची मालिका सुरू होते. नायिकेच्या हाती ते पत्र पडते, ती पाकीट उघडणार इतक्यात ‘छोटासा ब्रेक’ येतो. या ब्रेकमध्ये भाजी फोडणीला टाकून होते, पाण्याच्या बाटल्या भरून होतात, तरी पडद्यावर साबण, मसाले आणि सोन्याचे दागिने सुरूच असतात. घराघरातला हा अनुभव नवा नाही. मात्र जाहिराती किती वेळ दाखवायच्या, याचा नियम देशात अनेक वर्षांपासून आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा नियम काय सांगतो आणि तो कुठे अडकला आहे, याचा हा आढावा.

नियम नेमका काय आहे?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ७ म्हणजे जाहिरात संहिता. त्यातील उपनियम ११ नुसार कोणत्याही कार्यक्रमात तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यातही १० मिनिटे व्यावसायिक जाहिरातींसाठी आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी, अशी विभागणी आहे. ‘पाहायला विसरू नका, येत्या रविवारी…’ हे प्रोमोही या १२ मिनिटांतच मोजायचे असतात.

या हिशेबाने अर्ध्या तासाच्या मालिकेच्या वाट्याला सहा मिनिटांच्या जाहिराती येतात आणि कथेसाठी २४ मिनिटे उरतात.

याच संहितेतील आणखी दोन तरतुदी फारशा चर्चेत येत नाहीत. जाहिरातीचे दृश्य व आवाज अवाजवी ‘मोठा’ नसावा, असे एक तरतूद सांगते. दुसरीनुसार जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू यावी आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्टी चालवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणू नये. बातम्या पाहताना पडद्याच्या कडेला आणि तळाला उगवणाऱ्या जाहिराती आठवल्या, की नियम आणि वास्तव यांतले अंतर लक्षात येते.

‘ट्राय’ने काय केले?

नियम असूनही तो पाळला जात नसल्याच्या तक्रारी वाढल्यावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ‘ट्राय’ने मे २०१२ मध्ये स्वतंत्र विनियम काढले. त्यात घड्याळी तास ही मोजणीची पद्धत ठरली. म्हणजे आठ ते नऊ हा एक तास, नऊ ते दहा हा दुसरा. एका तासात वाचलेली मिनिटे पुढच्या तासात वापरण्यास मनाई होती. दोन ब्रेकमध्ये किमान १५ मिनिटांचे, चित्रपटात ३० मिनिटांचे अंतर असावे आणि थेट सामन्यात खेळ थांबलेला असतानाच जाहिरात यावी, अशाही अटी होत्या.

वाहिन्यांनी विरोध केला. मार्च २०१३ मध्ये सुधारित विनियम आले तेव्हा अंतराच्या आणि सामन्यांच्या अटी गळाल्या, पण घड्याळी तासाला १२ मिनिटांची मर्यादा कायम राहिली.

मग अडले कुठे?

वृत्तवाहिन्यांची संघटना आणि काही प्रसारक आधी दूरसंचार तंटा लवादाकडे गेले. मात्र ‘ट्राय’च्या विनियमांना आव्हान देणारी प्रकरणे ऐकण्याचा अधिकार लवादाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे प्रसारकांनी दिल्ली उच्च न्यायालय गाठले. न्यायालयाने याचिकाकर्त्या वाहिन्यांवर कठोर कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला. जाहिरातींची नोंद मात्र ठेवण्यास सांगितले. त्यानंतर तारखांवर तारखा पडत राहिल्या आणि दशक उलटले तरी हे अंतरिम संरक्षण कायम राहिले. नियम कागदावर आणि कारवाई अधांतरी, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

वाहिन्यांचे म्हणणे काय?

पहिला मुद्दा पैशांचा. वृत्तवाहिन्या आणि छोट्या प्रादेशिक वाहिन्या बहुतांशी जाहिरातींवर चालतात. मोफत वाहिन्यांना तर प्रेक्षकांकडून वर्गणी मिळतच नाही. दूरचित्रवाणीवर जाहिरात दहा सेकंदांच्या दराने विकली जाते. १० मिनिटे म्हणजे असे ६० तुकडे. समजा एका तुकड्याचा दर दोन हजार रुपये असेल, तर तासाचे उत्पन्न १ लाख २० हजारांवर थांबते. मोठी वाहिनी दर वाढवून तूट भरून काढू शकते. ज्या छोट्या वाहिनीला दर वाढवून मिळत नाही, तिच्याकडे मिनिटे वाढवणे एवढाच मार्ग उरतो.

दुसरा मुद्दा राज्यघटनेचा. येथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. वृत्तपत्राच्या किमतीनुसार त्याची पाने आणि जाहिरातींची जागा ठरवणाऱ्या केंद्राच्या कायद्याला पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिले होते. जाहिरातींवर गदा आली की किंमत वाढते, खप घटतो आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर परिणाम होतो, हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा रद्द ठरवला. मग तोच न्याय वाहिन्यांना का नको, असा हा युक्तिवाद.

त्यावर प्रतिवादही आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी नियंत्रित करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात म्हटले. शिवाय वृत्तपत्रातील जाहिरातीचे पान वाचक उलटू शकतो, टीव्हीवरील ब्रेक मात्र संपेपर्यंत थांबावे लागते.

प्रेक्षकाचे नुकसान काय?

पूर्वी केबलचे ठरावीक पैसे भरले की काम भागत असे. फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी आकारली जाऊ लागली. प्रेक्षक आता वाहिनी निवडून तिचे पैसे मोजतो आणि वर जाहिरातीही पाहतो. सशुल्क आणि मोफत वाहिन्यांना जाहिरातींची मर्यादा मात्र एकच आहे. पैसे घेणाऱ्या वाहिनीवर जाहिराती कमी असाव्यात, ही अपेक्षा म्हणूनच गैरवाजवी ठरत नाही.

जाहिरातदाराचाही यात फायदा नाही. एका ब्रेकमध्ये पंधरा-वीस जाहिराती लागोपाठ आल्या, तर मधली कुणाच्या लक्षात राहणार? ब्रेक लांबला की रिमोट हाती येतो. कथा ऐन वळणावर आणून ब्रेक घेण्यामागे हेच कारण असते. एक मालिका संपताच मध्ये जाहिरात न घेता लगेच दुसरी सुरू करण्याची युक्तीही त्याचसाठी.

इतर देशांत काय?

ब्रिटनमध्ये आयटीव्ही, चॅनल फोरसारख्या सार्वजनिक सेवा वाहिन्यांना दिवसभरात सरासरी तासाला ७ मिनिटे, तर इतर वाहिन्यांना ९ मिनिटे व्यावसायिक जाहिरातींची मर्यादा आहे. युरोपीय संघात सकाळी सहा ते सायंकाळी सहा आणि सहा ते मध्यरात्र या दोन्ही पट्ट्यांत प्रत्येकी २० टक्के वेळेची मर्यादा आहे. म्हणजे सरासरी तासाला १२ मिनिटेच, पण कोणत्या तासात किती हे वाहिनी ठरवते. अमेरिकेत मोठ्यांच्या कार्यक्रमांना अशी सर्वसाधारण मर्यादा नाही. मुलांच्या कार्यक्रमांत मात्र शनिवार-रविवारी तासाला साडेदहा आणि इतर दिवशी १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती चालत नाहीत. जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नसावा, यासाठी तेथे वेगळा कायदा असून तो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला.

प्रेक्षक काय करू शकतो?

मोजणी अवघड नाही. मोबाइलवरील स्टॉपवॉच घेऊन रात्री आठ ते नऊ या वेळेत प्रत्येक ब्रेकची सुरुवात आणि शेवट टिपला, की बेरीज समोर येते. प्रोमोही त्यात धरायचे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार जाहिरात संहितेच्या उल्लंघनाची तक्रार थेट वाहिनीकडे करता येते आणि वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवणे अपेक्षित आहे. समाधान न झाल्यास प्रसारकांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे दाद मागता येते. तक्रारीत वाहिनी, कार्यक्रम, तारीख आणि ब्रेकच्या वेळा दिल्यास ती टाळणे कठीण जाते.

आणि नियमाचे पालन परवडत नाही, ही छोट्या वाहिन्यांची अडचण खरी असेल, तर सशुल्क आणि मोफत वाहिन्यांसाठी वेगवेगळी मर्यादा हा मधला मार्ग चर्चेला घेता येईल. तोवर पैसे भरणाऱ्या प्रेक्षकाला पत्रात काय लिहिले होते हे कळण्यासाठी ब्रेक संपण्याचीच वाट पाहावी लागेल.